आरती हजर आहे

माळवस्ती, ता. पाथर्डी
१३ जुलै २०२५

गुरुजी, नमस्कार.

सुहासदादांकडून कळलं की तुमच्या दोन्ही कानांनी आता साफ नकार दिलाय, आणि फोन आला की तुम्ही नुसतं "बरं, बरं" म्हणून ठेवून देता. म्हणून पत्र लिहितेय. डी.एड.ला असताना माझ्या पाठ टाचणावर लाल शाईनं जेवढं लिहायचात, तेवढं उत्तर आलं तरी पुरे.

माळवस्तीच्या शाळेत मला आता चौथं वर्ष. पहिली ते चौथी मिळून सव्वीस मुलं, दोन खोल्या आणि मी एकटी. यंदा पुण्याच्या एका संस्थेनं लहान मुलांना संगणकशास्त्र शिकवायच्या प्रयोगासाठी आमची शाळा निवडली. पण संगणकाचा वेगळा तास नाही. मराठी, गणित, परिसर अभ्यास, कवायत, आहे त्याच तासांत ते कालवायचं. दहा टॅब आलेत, ते दिवाळीपर्यंत कपाटातच ठेवायला सांगितलंय. आधी विचार करायची सवय लागू दे म्हणे, मग यंत्र.

परवा मराठीच्या तासाला आज्ञार्थी वाक्यं घेतली. मुलांनी मला भाकरी करायला सांगायची आणि मी सांगतील तेवढंच करायचं. "पीठ घ्या," म्हणाले. मी अख्खा डबा उचलून कडेवर घेतला. "पानी टाका," म्हणाले. मी तांब्या जमिनीवर ओतला. पोरं हसून लोळली. मग एकेक वाक्य दुरुस्त करत गेली. किती पीठ, कशात, आधी काय, मग काय. गणिताला रांगोळी घेतली. तीन ठिपके पुढं, उजवीकडं वळ, असं चार वेळा. परिसर अभ्यासाला पानं आणि धान्य नुसत्या 'हो की नाही' अशा प्रश्नांनी वेगळी केली.

तिसरीत आरती नावाची मुलगी आहे. कानिफनाथ आणि मालनबाई या ऊसतोड जोडप्याची थोरली. भाकरीच्या सूचना संपल्यावर ती म्हणाली, "बाई, आपन चूल पेटवायची इसरलो. तुमी कच्चीच खाल." वर्गातल्या एकालाही ते सुचलं नव्हतं. गुरुजी, मलाही नाही.

संस्थेची अट एकच आहे. सगळ्या शाळांच्या सरकारी ॲपवर भरलेली रोजची हजेरी पुण्यातही दिसते, आणि पट वीसच्या खाली गेला तर प्रयोग दुसऱ्या शाळेला जाईल. आमची शाळा शेजारच्या गावात मिसळून टाकायचं बोलणं तर दरवर्षी निघतंच. यंदा हा प्रयोग आहे म्हणून ते थांबलंय.

कसं वाटतं, ते लिहा. लाल शाईनं लिहिलंत तरी चालेल.

तुमची विद्यार्थिनी,
रोहिणी

॰

राजूर, ता. अकोले
२१ जुलै २०२५

रोहिणी,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत बसणार नाही.

लाल रिफिल संपलंय, म्हणून निळ्यात लिहितो. तुझं पत्र वाचून मी हा प्रकार घरीच करून पाहिला. नात मनवा दुसरीत आहे. तिला म्हटलं, मला चहा करायला शिकव. ती म्हणाली, "पाणी ठेवा." मी पाण्याचं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि बसून राहिलो. ती म्हणाली, "आजोबा, गॅसवर!" मी पातेलं गॅसवर ठेवलं आणि पुन्हा बसलो. शेवटी सुहासनं येऊन विचारलं, बाबांना काय झालंय? कानापाठोपाठ डोकंही गेलं असं त्याला वाटलं असावं. त्याच्या जीपमधून भंडारदऱ्याला जाणारे पर्यटक सध्या त्याचं डोकं खातात, त्यामुळे तो लवकर घाबरतो.

संगणकाचं मला काही कळत नाही. पण मुलाला स्वतःच्या वाक्यातली चूक स्वतः सापडते, हे शिकवायला मला तीस वर्षं लागली आणि तुला एक भाकरी. आरतीवर लक्ष ठेव. अशी मुलगी शिक्षकाला दहा वर्षांतून एकदा मिळते.

एकच सांगतो. तुमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की अर्धी वस्ती कोयता घेऊन निघते. आत्तापासून त्याचा विचार कर. काहीही करून पट टिकव. पट गेला की शाळा जाते, आणि एकदा गेलेली शाळा परत आलेली मी पाहिली नाही.

शामकांत

॰

माळवस्ती
२६ ऑक्टोबर २०२५

गुरुजी,

तुम्ही म्हणालात तेच झालं. अठरा मुलं चाललीत. चार-पाच दिवसांत ट्रक येतील.

मी ऑगस्टातच हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिला होता. आईबाप तोडीला गेले तरी मुलांनी इथंच जेवावं, शिकावं, अशी ती सोय. मंजुरी आली नाही. तीनदा जाऊन विचारलं, तीनदा "पुढच्या आठवड्यात" ऐकलं. सप्टेंबरच्या पावसानं कपाशी आणि बाजरी दोन्ही पाण्याखाली गेली, त्यामुळे एरवी गावात थांबणारी घरंही यंदा निघालीत.

काल आरतीच्या घरी गेले होते. मालनबाई बोचकी बांधत होती. म्हटलं, आरतीला आजीजवळ ठेव. लंकाबाई, म्हणजे कानिफनाथची आई, दारातच बसली होती. ती म्हणाली, "मी ठिवीन की. माजी कुठं ना हाय?" मालनबाई हातातलं बोचकं न सोडता म्हणाली, "बाई, बारक्याला कोन धरील? मी फडात वाकल्यावर त्यो पळत कोयत्याकडं येतो. मागल्या साली थोडक्यात वाचलाय." मी उठले.

आरती माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "बाई, टॅब आता काडनार ना? मी न्हाई तवा काडू नका. मी आल्यावर काडा."

आणखी एक गोष्ट. मालनबाईनं हमी कार्ड मागितलंय. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी ते असतं, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसता येतं. पण कार्ड दिलं की मूल माझ्या पटावरून तिकडच्या पटावर जातं. अठरा कार्डं दिली तर माझ्याकडे आठ उरतील. प्रयोग त्याच दिवशी बंद होईल आणि मार्चमध्ये ही पोरं परत येतील तेव्हा शाळाच नसेल. कार्डं लिहून तयार आहेत. ती टेबलावर आहेत आणि मी त्यांच्यासमोर बसलेय.

काय करू? लवकर लिहा.

रोहिणी

॰

राजूर
१ नोव्हेंबर २०२५

रोहिणी,

घाईत लिहितोय, म्हणजे आजच्या टपालात जाईल.

हा चार-पाच महिन्यांचा प्रश्न आहे. शाळा कायमची आहे. आम्हीही डोंगरातल्या शाळांत असे हंगाम पाहिलेत आणि वेळ निभावून नेली आहे. प्रत्येक गोष्ट कागदावर अगदी जशीच्या तशी उतरली पाहिजे असं नसतं. ज्या पोरांसाठी तू हे सगळं करतेयस, त्यांनाच मार्चमध्ये शाळा हवी आहे. तेवढं लक्षात ठेव आणि खंबीर राहा.

जमलं तर काहींना आजी-आजोबांकडे ठेवून घे. कळव.

शामकांत

॰

माळवस्ती
२३ नोव्हेंबर २०२५

गुरुजी,

तुमच्या पत्रानं फार बळ आलं. कळवायला आनंद वाटतो की प्रश्न सुटला. घरोघर फिरून समजावलं, आणि बहुतेक मुलांना आजी-आजोबांनी ठेवून घेतलं. आरतीसुद्धा आहे. पट टिकला. पुण्याहून संस्थेच्या मॅडमचा फोन आला, तुमची हजेरी सगळ्या शाळांत उत्तम आहे म्हणाल्या.

या आठवड्यात गणित आणि परिसर अभ्यास एकत्र घेऊन 'जोपर्यंत-तोपर्यंत' शिकवलं. फळ्यावर लिहिलं, 'जोपर्यंत घागर भरत नाही, तोपर्यंत तांब्यानं पाणी ओत.' मुलं हापशावर घागर भरत होती, मोजत होती, लिहीत होती. आरती लांब उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "बाई, घागर फुटकी असली तर? मग मानूस मरंस्तोवर ओतीतच बसंल." संस्थेच्या मार्गदर्शिकेत हा मुद्दा पाचवीसाठी ठेवलाय. मी मॅडमना कळवलं, त्यांनी सगळ्या शाळांना पाठवला.

थंडी सुरू झाली आहे. तब्येतीला जपा.

रोहिणी

॰

राजूर
२ डिसेंबर २०२५

रोहिणी,

घागरीची गोष्ट मी घरात सगळ्यांना सांगितली, मग शेजाऱ्यांना, आणि काल पोस्टमनलाही. मनवानं एका जुन्या बादलीला भोक पाडून खात्री करून घेतली.

आरतीसाठी दोनशे पानी वही आणि रंगीत पेन्सिली वेगळ्या पार्सलनं पाठवल्या आहेत. तिला सांग, राजूरच्या एका बहिऱ्या आजोबांनी दिल्यात आणि तिनं अशाच चुका शोधून त्यात लिहाव्यात. तिच्या हातचं चार ओळींचं उत्तर मला आलं पाहिजे. तिच्याच अक्षरात, तू लिहून द्यायचं नाही.

तुझ्यासारखी विद्यार्थिनी मला लाभली, याचा आज अभिमान वाटतो.

शामकांत

॰

एस.टी.मध्ये
१८ डिसेंबर २०२५, गुरुवार

गुरुजी,

अक्षर हलतंय, गाडी सांगलीच्या रस्त्यावर आहे. वही आणि पेन्सिली माझ्या पिशवीत आहेत. आरतीला त्या मिळाल्या नाहीत. आरती माळवस्तीत नव्हतीच. अठरापैकी एकही मूल मागे राहिलं नाही. मी तुम्हाला खोटं लिहिलं. घागरीची गोष्ट खरी, पण ती सप्टेंबरातली.

कार्डं मी दिली नाहीत. "मागून पाठवते," म्हणाले. आणि शाळा उघडल्यापासून रोज सकाळी ॲपवर सव्वीसच्या सव्वीस मुलं हजर लावत आले. पहिल्या दिवशी अठरा नावांपाशी थांबत थांबत खूण केली. दुसऱ्या आठवड्यापासून न थांबता.

आता आरती हरवली आहे. सोमवारपासून.

मला जेवढं कळलंय तेवढं क्रमानं लिहिते. तिचे आईबाप सांगलीकडच्या एका कारखान्याच्या तोडीला आहेत, त्या कारखान्याच्या जवळ एक शाळा आहे. सोमवारी आईबाप फडात गेल्यावर आरतीनं बारक्याला शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या, म्हातारीकडे दिलं आणि ती एकटी त्या शाळेत गेली. तिथल्या सरांनी नाव-गाव विचारलं, नोंद शोधली आणि सांगितलं, "तू तर तुझ्या गावच्या शाळेत आज हजर आहेस. तिकडून कार्ड आण, मग बस." तिथून ती निघाली, ती कोपीवर पोचलीच नाही.

मंगळवारी सकाळी कानिफनाथ पोलीस चौकीत गेला. तिथल्या हवालदारांनी शाळेत चौकशी केली, सरांनी तेच सांगितलं, आणि हवालदारांनी मला फोन केला. "आरती कानिफनाथ तुमच्या शाळेची ना? पडताळणी करायचीय. आज हजर आहे का?" मला वाटलं, हजेरीची तपासणी आली. कुठून बोलताय, कशासाठी, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. म्हणाले, "हो, हजर आहे. माझ्या समोर बसलीय." समोर भिंत होती.

त्यांनी कानिफनाथला सांगितलं, पोरगी गावी सुखरूप आहे, कुणा नातलगाबरोबर गेली असेल, तू घरी जा. शोध थांबला.

बुधवारी सकाळी परिपाठ चालू होता. लंकाबाई शाळेच्या आवारात आली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती, हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. हसून म्हणाली, "बाई, आमची आरती हितं आलीय म्हनं? कानिफचा फोन आल्ता. म्या म्हनलं, पोरगी आली आन् आजीकडं न येता आदी शाळंतच गेली बगा! कुठंय?" आणि ती वर्गात वाकून आठ मुलांकडे एकेक करून बघायला लागली.

मी तिथंच खाली बसले. तिला सांगितलं. तिनं भाकरी माझ्या टेबलावर ठेवली, भिंतीला धरून उभी राहिली, आणि मग ओरडली. तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. आठही मुलं रडायला लागली.

चौकीत मी लगेच फोन केला. "मी खोटं बोलले, मुलगी इथं नाही, कधीच नव्हती," असं तीनदा सांगावं लागलं तेव्हा त्यांना पटलं. हवालदार एवढंच म्हणाले, "बाई, अख्खा दिवस गेला की हो." गटशिक्षणाधिकारी साहेबांना कालच सगळं लिहून दिलंय, सहीनिशी. अठरा कार्डं पिशवीत आहेत.

या तीन थंड्या तिनं कुठं काढल्या असतील? उसाच्या फडात बिबटे असतात म्हणतात. गाडीतली बाई विचारतेय, का रडताय. काय सांगू? हे पत्र पुढच्या थांब्यावर पेटीत टाकते. दुसऱ्या कुणाला हे सांगायची माझी हिंमत नाही.

रोहिणी

॰

राजूर
२२ डिसेंबर २०२५

रोहिणी,

तुझं पत्र आत्ता आलं. सुहासनं तीनदा फोन लावला, तू उचलत नाहीस. तो या पत्राचा फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवतोय. मुलगी सापडली की नाही, एवढं एका शब्दात कळव.

तुझी समजूत घालणारं काही लिहिणार नाही. तू त्याला पात्र नाहीस आणि मी ती घालायला पात्र नाही. तू कार्डं समोर ठेवून मला विचारलं होतंस, काय करू. "देऊन टाक," हे दोन शब्द लिहायचे होते. मी चार ओळी लिहिल्या आणि त्यांत हे दोन शब्द नव्हते.

मी "वेळ निभावून नेली" असं लिहिलं, ते काय होतं ते आता सांगतो. डोंगरातल्या शाळेवर मुख्याध्यापक असताना मी पावसाळाभर गैरहजर मुलांना हजर लावायचो. तीन वर्षं. कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी आयुष्यभर समजत आलो. आज दुपारपासून त्या मुलांची नावं आठवायला बसलोय. पाच आठवली. त्यांचं पुढं काय झालं, मी कधीच विचारलं नव्हतं. मग कुणाचं काही बिघडलं नाही, हे मला कसं कळलं?

तिथून हलू नकोस. शोधणाऱ्यांबरोबर राहा. शिव्या मिळतील, त्या ऐकून घे.

शामकांत

॰

सांगली
३० डिसेंबर २०२५

गुरुजी,

सापडली आहे, एवढं सुहासदादांना कळवलं होतं. बाकीचं लिहायला आज बळ आलं.

शुक्रवारी सकाळी द्राक्षबागेत कामाला आलेल्या बायकांना ती शेडमध्ये मिळाली, कोपीपासून बरीच लांब. रिकाम्या क्रेटच्या आडोशाला गोणपाट पांघरून पडली होती, तापानं फणफणलेली. रस्ता सोडून फडातून चालताना तोडलेल्या उसाचा बुडखा पायात घुसला होता. तशीच चालत राहिली. पाऊल काळंनिळं झालं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाऊल वाचवलं. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मी विचारलं नव्हतं, तरी डॉक्टर म्हणाले, "एक दिवस आधी आणली असती तर बोटं राहिली असती." मी, कानिफनाथ आणि मालनबाई तिघंही तिथं उभे होतो. तो एक दिवस कुणी घालवला, ते तिघांनाही माहीत होतं.

कानिफनाथ माझ्याशी बोलत नाही. मी आले की तो उठून व्हरांड्यात जातो. मालनबाई पहिल्या दिवशी मला म्हणाली, "तुमाला मी कारड मागितलं हुतं. हात जोडून मागितलं हुतं." तेवढंच. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं पाय मागे घेतले.

मला निलंबनाचं पत्र आलंय. संस्थेनं टॅब नेले. उरलेल्या आठ मुलांना रोज शेजारच्या गावी चालत जावं लागतं. शाळा वाचवायला निघाले होते ना, गुरुजी.

दुसऱ्या टोळ्यांतल्या सतरा मुलांची कार्डं पोचवली. मुकादमाला विचारत, कारखान्यामागून कारखाना फिरत. चौघांच्या आईबापांनी कार्ड घेतलं आणि आतल्या खिशात ठेवलं. बाकीच्यांनी विचारलं, "आता काय उपेग? आरदा हंगाम गेला." एकानं माझ्यासमोर फाडलं.

आरती अजून बोलत नाही. छताकडे बघत पडून असते. तुमची वही तिच्या उशाशी ठेवली, तिनं उघडली नाही. मी खोलीत आले की ती डोळे मिटून घेते, आणि ते झोपेनं मिटलेले नसतात हे मला कळतं.

जगावंसं वाटत नाही असं लिहिणार होते. पण ते तुम्हाला लिहून तुमच्याकडून काहीतरी मागितल्यासारखं होईल. म्हणून खोडलं.

रोहिणी

॰

राजूर
५ जानेवारी २०२६

रोहिणी,

खोडलंस तरी मला वाचता आलं. तू म्हणतेस तसं ते मागणंच आहे आणि तू ते मागावंस. सुहास उद्या सकाळी हे पत्र घेऊन निघतोय, परवा तुझ्याकडे पोचेल. माझं शरीर गाडीत टिकणार नाही, नाहीतर मीच आलो असतो. तो तुला काही समजावणार नाही, त्याला मी तसं बजावलंय. नुसता बरोबर राहील, डबा आणेल, औषधं आणेल. तू एकटी राहू नकोस. हे मी शिक्षक म्हणून सांगतोय, ऐकायचं.

माझ्या त्या पाच नावांपैकी दोघांचा पत्ता लागला. एक इथंच राजूरच्या बाजारात हमाली करतो. काल त्याच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. तो काय म्हणाला, मला ऐकू आलं नाही. त्यानं पाटीवर लिहून द्यावं म्हणून पाटी पुढं केली. तो म्हणाला, मला लिहिता येत नाही. हे मात्र मी त्याच्या ओठांवरून वाचलं.

मुलगी बोलेल तेव्हा जे विचारेल, त्याचं खरं उत्तर दे. तिला सोसेल की नाही, हा हिशेब तू करायचा नाहीस. आपण दोघांनी तो हिशेब पुष्कळ केला.

शामकांत

॰

कारखान्याजवळून
१९ जानेवारी २०२६

गुरुजी,

सुहासदादा चार दिवस राहिले. डबा आणला, बारक्याला खेळवलं, कानिफनाथबरोबर व्हरांड्यात बिड्या ओढल्या. दादा बिडी ओढतात हे तुम्हाला माहीत नसेल तर माफ करा. ते होते म्हणून मी जेवले.

आरती बोलली. दवाखान्यातून सोडायच्या आदल्या दिवशी, दुपारी. मालनबाई कागद आणायला गेली होती. मी खिडकीपाशी उभी होते. मागून आवाज आला,

"बाई, माज्या जागंवर कोन बसलंय?"

मला कळलं नाही. ती सांगत गेली, हळूहळू, भिंतीकडे बघत. त्या सरांनी तिला मोबाईल दाखवला होता. पडद्यावर तिचं नाव होतं आणि पुढं हिरवी खूण. "मी तर हितं हुते. मग थितं हजर कोन? मला वाटलं तुमी माज्या जागंवर दुसरी पोरगी बशिवली. तिला माजं नाव दिलं. आन् टॅब बी काडलं असतील. मनून मी बगायला निगाले हुते." एका माणसाला पाथर्डीचा रस्ता विचारला, त्यानं हायवे दाखवला. हायवेवर गाड्यांची भीती वाटली म्हणून ती फडातून गेली.

गुरुजी, ती पळून गेली नव्हती. तिची जागा कुणी घेतली ते बघायला ती माझ्याकडे येत होती.

मी तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "तुझ्या जागेवर कुणी नव्हतं, आरती. जागा रिकामी होती. मीच खोटं लिहीत होते."

"रोज?"

"रोज."

"का?"

"शाळा जाईल म्हणून भीती वाटत होती."

तिनं विचार केला. प्रश्न पूर्ण कळेपर्यंत ती पापणी हलवत नाही, तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "मग गेली का?"

"गेली."

ती रडली नाही. पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मी तिच्याकडून माफीची अपेक्षा केली नव्हती असं मला वाटत होतं, पण मनात कुठेतरी केलेली होती, हे त्या पांघरुणानं मला दाखवलं.

आज सकाळी तिचं नाव इथल्या शाळेत घातलं. कानिफनाथनं तिला खांद्यावर बसवून नेलं. बारक्याला आता मी सांभाळते. मालनबाईनं तसं सांगितलेलं नाही, परवा सकाळी फडात जाताना तिनं त्याला माझ्या पुढ्यात ठेवलं आणि मागे न बघता गेली. चौकशी दोन फेब्रुवारीला आहे, तोपर्यंत मी इथं आहे. नोकरी राहणार नाही, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

मी शाळेच्या फाटकाबाहेर थांबले होते, बारकं कडेवर. आत जायचं धाडस झालं नाही, आणि मला आता कुठल्या शाळेत पाऊल टाकायचा अधिकारही नाही. वर्ग समोरच होता, दार उघडं. सर खाली मान घालून मोबाईलवर हजेरी घेत होते, एकेक नाव वाचत, बोटानं खूण करत. मुलं "हजर सर" म्हणत होती. शेवटी आरतीचं नाव आलं.

ती काही म्हणाली नाही. सरांनी मान खालीच ठेवून पुन्हा नाव घेतलं. तरी नाही. मग ती बाकाला धरून, एका पायावर, उठून उभी राहिली.

"सर, आदी माज्याकडं बगा," ती म्हणाली. "मंग मांडा."

सरांनी मान वर केली आणि बघितलं.

रोहिणी